घेणे कमीपणाचे आहे काय?

न्यूझीलंडमध्ये येऊन राहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्या मंडळींची पासष्टी जवळ आली, की एक प्रश्न त्यांच्या मनाला टोचू लागतो. आयुष्यभर राबलो ते मुंबईत, ठाण्यात, पुण्यात. येथे कर भरला तो थोडीच वर्षे. मग येथल्या सरकारचे पेन्शन आणि इस्पितळाची मदत घेणे म्हणजे फुकटचे खाणे नव्हे काय? असे विचारणारा मनुष्य लबाड नसतो. म्हणूनच त्याला नीट उत्तर देणे जरूर आहे.

ही भावना आली कोठून? आपल्या मागच्या पिढ्यांत रेल्वे, पोस्ट, कस्टम्स, लष्कर आणि सरकारी कचेऱ्या यांत नोकरी केलेले पुष्कळ होते. तीस वर्षे नोकरी केली, तिचे पेन्शन मिळाले. ते कमावलेले होते, म्हणून ते ताठ मानेने घेतले. जे कमावलेले नाही ते दान, आणि दान घेणे कमीपणाचे, असा हिशेब आपल्या डोक्यात पक्का बसला आहे.

पण न्यूझीलंडची व्यवस्था या हिशेबावर उभीच नाही. काही देशांत निवृत्तीच्या वयात सरकारी आरोग्यविम्यात नाव घालावे लागते आणि हप्ते मोजावे लागतात. येथे तसा विमा नाही. १९३८ च्या सोशल सिक्युरिटी ॲक्टनंतर १९३९ पासून सरकारी इस्पितळातील उपचार मोफत झाले, आणि त्यांचा खर्च करांतून चालतो. बाहेरच्या डॉक्टरांनी मात्र त्या वेळी सरकारी योजनेला विरोध केला. १९४१ मध्ये तडजोड झाली, म्हणून त्यांची फी आजही बहुधा थोडीफार द्यावी लागते. पासष्टीचे सरकारी पेन्शन, म्हणजे सुपर, हेही चालू करांतूनच दिले जाते. त्यात कोणाचे वेगळे खाते नसते. जन्मभर चूल सांभाळणाऱ्या आणि नातवंडे वाढवणाऱ्या बाईलाही ते तिच्या स्वतःच्या नावाने मिळते. तिने पगार किती मिळवला हे कोणी विचारीत नाही.

म्हणजे ही खरेदी नव्हे, आणि भीकही नव्हे. आपल्यातले कोणी वारले की कफन, ताबूत आणि कबर यांची सोय समाज करतो. मयताने वर्गणी किती वर्षे भरली हे पाहून कोणी खांदा देत नाही. तो आपल्यातला होता, एवढे पुरते. देशाने म्हाताऱ्या माणसाकडे याच नजरेने पाहावे, हा या कायद्याचा अर्थ आहे.

आणि 'आपल्यातला' कोण, हा प्रश्न येथे सहज सुटलेला नाही. १८९८ साली पंतप्रधान सेडन यांच्या सरकारने वृद्धांना पेन्शन देणारा पहिला कायदा केला. पासष्ट वर्षे वय, पंचवीस वर्षे वास्तव्य आणि चांगली चालचलणूक असेल, तर वर्षाला जास्तीत जास्त १८ पौंड. पण चिनी व इतर आशियाई लोकांना त्यातून वगळले होते, त्यांनी येथील नागरिकत्व घेतले असले तरीही. कोकणातला एखादा बेने इस्राएल त्या काळी येथे म्हातारा झाला असता, तर तोही त्या 'आशियाई' शब्दात सापडला असता. ही बंदी १९३६ मध्ये उठली. जो दरवाजा उघडायला अडतीस वर्षे लागली, त्यातून आत जाताना मान खाली का घालावी?

आपल्या धर्मशास्त्रातही या प्रश्नाचा विचार झाला आहे. रामबाम स्वतः वैद्य होते. सेदाकाच्या नियमांत ते दोन्ही बाजू सांगतात. गरज नसताना जो घेतो तो दोषी. पण ज्याचे मदतीवाचून निभत नाही आणि तरीही जो गर्वाने नाकारतो, त्याला ते रक्त सांडणाऱ्याच्या पंक्तीला बसवतात, कारण तो स्वतःचाच जीव धोक्यात घालतो. मुलाला खर्च नको म्हणून ब्लडप्रेशरची गोळी अर्धी करून घेणाऱ्या आजोबांनी यावर विचार करावा. डॉक्टरने लिहून दिलेल्या सरकारमान्य औषधांवर २०२४ पासून पुन्हा पाच डॉलर आकार बसला, पण पासष्टीच्या वरच्यांना तो माफ आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हक्काला मर्यादा असतात आणि त्या पाळणे हा प्रामाणिकपणा आहे. सुपरसाठी विसाव्या वर्षानंतर दहा वर्षे वास्तव्य लागत असे, त्यांपैकी पाच पन्नाशीनंतरची. जुलै २०२४ पासून ही दहाची अट टप्प्याटप्प्याने वाढत आहे, आणि २०४२ पर्यंत ती वीस होईल. आईवडिलांना कायमचे आणताना मुले त्यांच्या पालनपोषणाची लेखी हमी देतात. ती हमी म्हणजे शब्द आहे, नुसता कागद नव्हे. २०२५ पासून आईवडिलांना पाच वर्षांच्या भेटीचा जो व्हिसा मिळतो, त्यात खाजगी आरोग्यविमा घेणे सक्तीचे आहे. तेथे सार्वजनिक तिजोरीवर डोळा ठेवणे योग्य नव्हे. दुसऱ्या देशाचे पेन्शन येत असेल, तर अर्जात ते स्पष्ट लिहावे.

तुमचा मुलगा किंवा मुलगी आज येथे कर भरते, त्यातून कोणा अनोळखी मावरी आजीचे ऑपरेशन होते. तिचा नातू कर भरतो, त्यातून तुमचे. कोणी कोणाचे उपकार फेडीत नाही. सगळे मिळून एकमेकांचे म्हातारपण सांभाळतात. या साखळीत घेणाराही देणाऱ्याइतकाच जरुरीचा आहे. ज्यांचा हक्क आहे तेही मागे राहू लागले, तर ही व्यवस्था लाचारांची होऊन बसेल, आणि लाचारांच्या सोयी कोणी फार काळ नीट राखीत नाही.

म्हणून, बंधुभगिनींनो, हक्क असेल तर घराजवळच्या डॉक्टरकडे आजच नाव नोंदवा. त्याला पैसे पडत नाहीत. सुपर आपोआप सुरू होत नाही, तेव्हा पासष्टीच्या आधीच अर्ज करा. अर्ज खरा भरा आणि संकोच सोडा. हक्क नसेल, तर तेही तितक्याच शांतपणे स्वीकारा. स्वाभिमान मदत नाकारण्यात नाही, खरे बोलून ती घेण्यात आहे.