कोण पाहिजे?

गेल्या मे महिन्यात कोथरूडच्या आमच्या इमारतीत चोरी झाली. दुसऱ्या मजल्यावरचे वृद्ध जोडपे लग्नाला गेले होते. परत आले तो कडी-कोयंडा उचकटलेला आणि कपाट सताड उघडे. बाईंच्या सासूबाईंकडून आलेले चार दागिने गेले. त्यानंतर कितीतरी रात्री त्या बाई दिवा न मालवता झोपत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ‘लोक उगाच भितात’ असे म्हणणाऱ्याच्या घरी बहुधा चोरी झालेली नसते.

पोलिसांनी कॅमेऱ्यातले चित्रण पाहिले. चोर भर दुपारी, इस्त्रीचा सदरा घालून, खांद्याला पिशवी अडकवून फाटकातून आत आला होता. त्याने वॉचमनकडे पाहून मान हलवली आणि वॉचमनने त्याला सलाम केला. यावरून आम्ही शिकायला हवे होते ते हे, की चोर हा चोरासारखा दिसत नाही. आम्ही शिकलो ते असे, की कोणीही अनोळखी मनुष्य चोर असेल. दोन्ही वाक्ये शेजारी ठेवली तर सारखीच वाटतात. पहिल्याने मनुष्य आपल्या नजरेवर विश्वास ठेवताना कचरतो. दुसऱ्याने तो त्याच नजरेला मोकळे सोडतो.

जुलैमध्ये एका सकाळी मी गॅलरीत उभा होतो. खाली एक विशीतला मुलगा मान वर करून एकेक मजला न्याहाळीत होता. बोटाने काहीतरी मोजी, फोनवर फोटो घेई, दोन पावले सरकून पुन्हा वर पाही. अंगात मळका टी-शर्ट. माझ्या छातीत धस्स झाले. मी वरून त्याला हाक मारू शकलो असतो. आमच्यात जेमतेम वीस फुटांचे अंतर होते. तसे न करता मी इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिले : ‘हा घरे टिपतो आहे.’

पाच मिनिटांत सात-आठ जण खाली जमले. मी पोचलो तेव्हा त्याची कॉलर एकाच्या मुठीत होती. “काका, जाळीवाला आहे मी, तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमनी बोलावलंय,” असे तो म्हणत होता. आमच्याकडे कबुतरांचा फार उपद्रव आहे, गॅलऱ्यांना नायलॉनच्या जाळ्या बसवून घेतात, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. मॅडम बँकेत गेलेल्या; फोन उचलेनात. मग प्रश्न सुरू झाले. नाव काय? आडनाव? मूळ गाव कोणते? प्रत्येक उत्तरासरशी काही चेहरे सैल पडत, काही अधिक घट्ट होत. यांतल्या एकाही उत्तराचा जाळीशी संबंध नव्हता. तेवढ्यात मागून कोणीतरी त्याच्या थोबाडीत मारली. एकच. कोणी मारली ते अद्याप कोणी कबूल केलेले नाही. दहा मिनिटांनी मॅडमचा फोन आला.

“अहो, साप असता तर?” असे आमचे एक शेजारी संध्याकाळी म्हणाले. वेदान्तातला दोरीवरच्या सापाचा दृष्टान्त सर्वांना ठाऊक आहे : अंधुक प्रकाशात दोरी साप वाटते, मनुष्य थरथर कापतो, दिवा आणला की दोरी दिसते. शेजाऱ्यांचा हिशेब साधा होता. साप समजून भुई धोपटली तर फार तर काठी मोडेल. दोरी समजून सापाला हात घातला तर जीव जाईल. मग सापच समजावे! या युक्तिवादात खोट काढायला मला बराच वेळ लागला, कारण दृष्टान्तातल्या दोरीला काही लागत नाही. तिला कोणी झोडपलेच तर ती तक्रार करीत नाही, आणि तिला घरी वाट पाहणारे कोणी नसते.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. तेव्हा अफवा फोनवरून गावोगाव फिरत होत्या. मी त्या दिवशी हळहळलो होतो, आणि ‘अडाणी लोक’ असे म्हणालोही होतो. माझ्या फोटोत आणि त्या अफवांत प्रकाराचा फरक नव्हता. फरक जमावाच्या आकाराचा होता. शिवाय ही केवळ जमावाची खोड नव्हे. इंग्रज सरकारने 1871 साली कायदा करून कित्येक जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला त्यांना कुंपणाआड ठेवले. 1952 साली तो कायदा गेला. नाव-आडनाव-गाव विचारून चेहरा घट्ट करण्याची रीत मात्र गेली नाही.

तरीही दार उघडे टाकावे, असे मी म्हणत नाही. मी माझ्या दाराला नवी साखळी बसवली आहे आणि ती काढणार नाही. पूर्वी वाड्यांचे दिंडीदरवाजे दिवसभर उघडे असत, याचे आपण फार कौतुक करतो. परंतु आमच्या वाड्यात ते माणसांच्या भलेपणामुळे उघडे नव्हते. देवडीत आमच्या आत्याबाई तांदूळ निवडीत बसलेल्या असत आणि त्यांना चुकवून मांजरही आत जात नसे. परका मनुष्य दिसला की त्या मान वर न करता विचारीत, “कोण पाहिजे?”

मराठीतला हा प्रश्न मला अलीकडे फार आठवतो. ‘तू कोण?’ असे त्यात विचारलेले नाही. येणाऱ्याचे काहीतरी काम आहे, त्याला कोणीतरी हवे आहे, हे आधीच धरून चाललेले आहे. आणि तरीही उत्तर दिल्यावाचून आत पाऊल टाकता येत नाही. चोराला यासारखा अडचणीचा प्रश्न नाही. इस्त्रीच्या सदऱ्याला वॉचमनने तो विचारला असता, तर चार दागिने कदाचित राहिलेही असते. आत्याबाई विचारीत त्या खुद्द त्या माणसाला, शेजारणीला नव्हे. मला वीस फुटांवरून एवढेच करायचे होते. मी केले नाही, कारण खरे सांगायचे तर मला उत्तर नको होते. सोबत हवी होती. भ्यालेल्या माणसाला दिव्यापेक्षा माणसे गोळा करणे सोपे वाटते.

कायद्याचे म्हणाल, तर तुमच्या-माझ्यासारख्याने दुसऱ्याला धरावे यासाठी गंभीर गुन्हा आपल्या डोळ्यांदेखत घडावा लागतो, किंवा तो मनुष्य फरारी म्हणून जाहीर झालेला असावा लागतो. वर पाहणे हा गुन्हा नाही.

तिसऱ्या मजल्यावर आता दुसऱ्याच कोणी जाळी बसवली. त्या मुलाचा मोजायचा टेप धक्काबुक्कीत पडला होता, तो वॉचमनच्या खोलीत खुंटीला आहे. मॅडमकडून नंबर घेऊन मी दोनदा फोन लावला. तो उचलत नाही. टेप न्यायला आला तर मला खाली बोलवा, असे वॉचमनला सांगून ठेवले आहे.