मातीच्या घराची लाज
गांवांत कोणाचें सिमेंटचें घर उठलें कीं शेजाऱ्यास आपल्या मातीच्या भिंतींची लाज वाटूं लागते. ही लाज योग्य आहे काय?

इंग्रज शिल्पज्ञ लॉरी बेकर १९४५ सालीं एका मिशनतर्फें कुष्ठरोग्यांच्या सेवेस हिंदुस्थानांत आले. पुढें केरळांत त्यांनीं विटा उभ्या रचून, मध्यें पोकळी ठेवून भिंती बांधिल्या. तेणेंकरून सुमारें चतुर्थांश विटा वांचतात. मातीच्या घरांचाही त्यांनीं पुरस्कार केला. वीट वांचली म्हणजे भट्टीचें सरपण वांचलें. सरपण वांचलें म्हणजे रान वांचलें.

गळकें घर दुरुस्त करूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु केवळ मोठेपणासाठीं कर्ज काढून जवळची माती टाकणें हें शहाणपण नव्हे. लाज धरावयाची तर उधळपट्टीची धरावी, मातीची नव्हे.