कवचाआडची खोट

पिकअप गाडीच्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये महत्त्वाचे जे काही असते ते सगळे एका बंद पोलादी नळकांड्यात असते. तेल, त्यातून वरखाली सरकणारा दट्ट्या, दट्ट्यातली बारीक छिद्रे, त्यांवरच्या पातळ चकत्यांच्या झडपा आणि बऱ्याच नमुन्यांत दाबाखाली भरलेला नायट्रोजन. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबते आणि उसळते. ती उसळी तेलाला छिद्रांतून ढकलण्यात खर्ची पडते व तिची उष्णता होते. गिऱ्हाईकाला दिसतो तो रंग, लेबल आणि दोन टोकांचे रबरी बुश. हाताने दाबून पाहिला तर तो सावकाश आत जातो, एवढेच कळते. खरी परीक्षा तेल तापल्यावर, तासाभराच्या खडबडीत वाटेनंतर होते. विकणाऱ्यानेही आतले काही पाहिलेले नसते. माल खोक्यातून आला आणि खोक्यातूनच गेला. अशा सौद्यात पुढे खोट निघाली तर ती कोणाच्या माथी मारायची, आणि नकळत खोटा माल विकणारा पापी ठरतो का? सौदी अरेबियात या प्रश्नाचे उत्तर व्यापारी रिवाजाआधी धर्मशास्त्रात शोधावे लागते, कारण तिथला खरेदीविक्रीचा कायदा त्यातूनच आलेला आहे.

प्रश्न तिथे किरकोळही नाही. रुब अल-खाली हे वाळवंटच सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटरचे आहे. त्याच्या कडेने उंट राखणाऱ्या अल-मुर्रा टोळीसारख्या बदूंनी ओझ्याची आणि पाण्याची वाहतूक केव्हाच पिकअपवर सोपवली. टोयोटाची हायलक्स आणि ‘शास’ म्हणून ओळखली जाणारी लँड क्रूझर पिकअप या तिथल्या नेहमीच्या गाड्या. मागे पाटे, पाट्यांवर कधी टनभर चारा तर कधी काहीच नाही, उन्हाळ्यात पारा पन्नाशीच्या आसपास. दुहेरी नळीच्या साध्या शॉकमध्ये तेल आणि वायू एकाच पोकळीत असतात. सतत हादऱ्यांनी त्यांचा फेस होतो, फेस दबतो, आणि शॉक असून नसल्यासारखा होतो. एकेरी नळीच्या शॉकमध्ये तरंगता दट्ट्या वायूला तेलापासून वेगळा ठेवतो आणि नळीची भिंत थेट हवेला लागून असल्याने तेल लवकर निवते. मात्र दगड लागून त्या भिंतीला पोचा पडला की दट्ट्या अडकतो. त्यामुळे मूळचे शॉक काढून बिल्स्टाइन, ओल्ड मॅन इमू, केवायबी, फॉक्स अशा नावांचे शॉक बसवणारी गॅरेजे गावोगावच्या सनाइयांत, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, सापडतात. जिथे नावाला किंमत येते तिथे नावाची नक्कलही येते.

इस्लामी परंपरेत या विषयाचा उगम मदिनेच्या बाजारातल्या एका प्रसंगात मानला जातो. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात तो आहे. प्रेषित मुहंमदांनी धान्याच्या एका राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विचारल्यावर विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा प्रश्न त्यांनी केला आणि फसवणारा आपल्यातला नव्हे, असा निवाडा दिला. विक्रेत्याने धान्यावर पाणी ओतले नव्हते, हे इथे ध्यानात ठेवायला हवे. खोट निसर्गाने आणली होती. माणसाचा अपराध फक्त रास रचण्यात होता. म्हणजे जे झाकले गेले आहे ते उघड करणे हे विकणाऱ्याचे काम, आणि गप्प बसणे ही कृतीच.

धर्मपंडित अल-गझाली (1058–1111) यांनी हा धागा आणखी ताणला. कापडाची चांगली बाजू दाखवून दुसरी लपवणारा, किंवा अंधाऱ्या जागी कापड पसरणारा, हे दोघेही त्यांच्या मते फसवणारेच. सौद्यात न्याय हा किमान भाग आणि उपकारबुद्धी ही त्यावरची पायरी, अशी त्यांची मांडणी आहे. पण गझालींचा विक्रेता जाणता आहे. दुसरी बाजू कशी आहे हे त्याला ठाऊक आहे. बंद नळकांड्याच्या विक्रेत्याला दुसरी बाजूच नाही, आणि इथे नीतीचा उपदेश संपून विधिशास्त्राचे बारीक काम सुरू होते.

हनबली पंथाच्या विधिवेत्त्यांनी या पेचाचा विचार चक्क नारळावरून केला आहे. दमास्कसचे अल-हज्जावी (मृत्यू 1560) यांचा ‘ज़ाद अल-मुस्तक़्नी’ हा संक्षिप्त ग्रंथ सौदी धर्मशिक्षणात आजही शिकवला जातो. फोडल्याशिवाय ज्याची खोट कळतच नाही असा माल घेतला आणि फोडल्यावर तो नासका निघाला तर काय, हा प्रश्न त्यात येतो, आणि उदाहरणे आहेत नारळ, शहामृगाचे अंडे आणि कोंबडीचे अंडे. नारळाची करवंटी व शहामृगाच्या अंड्याचे कवच फुटले तरी मोलाचे राहते. म्हणून गिऱ्हाईकाने माल ठेवून किमतीतला फरक मागावा, किंवा फोडण्याने झालेले नुकसान भरून देऊन माल परत करावा. कोंबडीच्या नासक्या अंड्याचे कवच मात्र कुचकामी, तिथे पूर्ण पैसे परत. कवच आहे म्हणून सौदा संशयित ठरत नाही, कारण कवच मालाच्या रक्षणासाठीच असते. अज्ञाताचा सौदा निषिद्ध मानणारे शास्त्र इथे सौदा होऊ देते आणि जोखीम मागाहून वाटून घेते. कापून उघडलेला शॉक या तिघांत कुठे बसतो? पुन्हा भरता येणारा, सुटे भाग मिळणारा महागडा शॉक नारळाच्या जातीचा. कायमचा बंद केलेला स्वस्त शॉक कोंबडीच्या अंड्याचा. ग्रंथात शॉक अर्थातच नाही, पण न्याय तोच लागू पडतो.

या व्यवस्थेत विक्रेत्याला ठाऊक होते की नाही हे विचारलेलेच नाही, आणि विषयाचे मर्म तेच आहे. पाप जाणतेपणावर ठरते, भरपाई ठरत नाही. विकताना माल खोटा होता एवढे पुरेसे. विक्रेता अगदी साधा-सरळ असला तरी गिऱ्हाईकाचा हक्क उभा राहतो. हनबली मताने ती निवड गिऱ्हाईकाची: परत करा, किंवा ठेवा आणि ‘अर्श’ घ्या. अर्श काढतात प्रमाणाने. चांगला शॉक बाजारात 400 रियालचा, खोटा 300 चा, तर घट चौथ्या हिश्श्याची. घासाघीस करून तो 320 ला घेतला असेल तर परत मिळायचे 80. दुसऱ्या एका सुन्नी पंथाचे, हनफींचे, मत कडक आहे: परत करा किंवा पूर्ण किमतीत ठेवा, फरक मिळेल तो परत करणे अशक्य झाले तरच. तेराव्या शतकातले ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस वेगळ्या वाटेने त्याच जागी पोचले. खोट माहीत नसलेल्या विक्रेत्याला पाप लागत नाही, पण ती कळल्यावर भरपाई देणे त्याला भाग आहे, असे त्यांचे मत. दोन परंपरा एकमेकींना न विचारता इथे भेटतात, याचे कारण धर्मात नसून सौद्याच्या स्वरूपात असावे: पैसे विक्रेत्याकडे आहेत आणि नासका माल गिऱ्हाईकाकडे, हा असमतोल कोणाच्याही मनाच्या शुद्धतेने मिटत नाही.

मग विक्रेत्याने आधीच हात झटकले तर? ‘आत काय निघेल त्याला आम्ही जबाबदार नाही’ ही पाटी भारतातल्या दुकानांनाही नवी नाही. याच प्रश्नावर मदिनेत खलीफा उस्मान (644–656) यांच्यापुढे आलेला खटला इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त नोंदला आहे. प्रेषितांचे सहकारी इब्न उमर यांनी आपला एक गुलाम जबाबदारी झटकून 800 दिरहमांना विकला; माणसे विकली जात तो काळ. घेणाऱ्याला आजार आढळला. विकताना आजार माहीत नव्हता अशी शपथ घ्या, असे उस्मान यांनी सांगितले. इब्न उमर यांनी शपथ नाकारली आणि गुलाम परत घेतला. पुढे तो बरा झाला आणि 1500 ला विकला गेला. शपथ नाकारणे म्हणजे कबुलीच असे नाही; देवाचे नाव घेण्यापेक्षा तोटा त्यांना परवडला असावा.

याच खटल्यातून पंथांची मते फुटली. हनफी पंथाचे प्रवर्तक अबू हनीफा अशी अट सरसकट मान्य करतात. हनबलींच्या रूढ मताने अज्ञात खोटीबाबतची मोघम अट विक्रेत्याला सोडवत नाही. त्याच पंथाचे इब्न तैमिया (1263–1328) मात्र न कळलेल्या खोटीपुरती ती मानतात, कळून लपवलेल्या खोटीला नाही. शाफई मताने ही सूट फक्त जनावरांच्या, तीही विक्रेत्याला माहीत नसलेल्या आतल्या खोटीपुरती. जिवंत प्राण्याचा आजार मालकालाही कळत नाही, हे त्यामागचे कारण. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहेत. रत्नागिरी-रायगडाकडून आखाती देशांत गेलेल्या एखाद्या मेकॅनिकला आपल्या पंथाचा हा नियम बंद नळकांड्याला लावायचा झाला तर त्याला सूट नाही, कारण नळकांडे जनावर नव्हे. भारतीय कायदा इथे बराच थंड आहे. 1930 च्या मालविक्री कायद्याचे सोळावे कलम गिऱ्हाईकाने पारखून घ्यावे या तत्त्वापासून सुरू होते आणि मग अपवाद देते; शिवाय विशिष्ट व्यापारी नावाने मागितलेली वस्तू एखाद्या खास कामाला योग्य असल्याची हमी त्यात गृहीत धरलेली नाही. अर्थात गिऱ्हाईकाने नाव घेऊन शॉक मागितला की निम्मी हमी त्याच्याच तोंडाने गेली.

इथून एक वेगळाच प्रश्न निघतो: शॉक अस्सल, पण गाडीला चुकीचा. ओझे स्प्रिंग पेलते, शॉक फक्त उसळी आवरतो. तरी कडक तो मजबूत, असा समज सर्वत्र आहे. टनभर मालासाठी जुळवलेला शॉक रिकाम्या पिकअपखाली गेला की मागचे चाक रस्ता सोडते. शास्त्राच्या व्याख्येत ही खोट नाही, कारण व्यापाऱ्यांच्या रिवाजाने ज्यामुळे किंमत घटते ती खोट, आणि अशा शॉकची किंमत घटत नाही. गिऱ्हाईकाने ‘रिकामी गाडी, वाळू, लांबचा प्रवास’ अशी अट सौद्यातच घातली असेल तर अट मोडल्याचा हक्क मिळतो. न बोलणाऱ्याला कायदा काही देत नाही. उरते ती सल्लागाराची नीती. ज्याचा सल्ला घेतला जातो तो विश्वस्त, असे हदीसमध्ये सांगितले आहे. रियाध-दम्मामच्या गुळगुळीत डांबरी रस्त्यापलीकडे न जाणाऱ्याला वेगळ्या तेलाच्या टाकीचे महाग शॉक विकणे गझालींच्या हिशेबात अन्याय नव्हे, पण उपकारबुद्धी नक्कीच नव्हे. ही फट त्यांनी मुद्दाम उघडी ठेवलेली दिसते, आणि ते शहाणपणाचे आहे. सगळाच भलेपणा सक्तीचा केला तर दुकानदाराकडे स्वतःहून द्यायला काही उरणार नाही.

सौद्याबाहेरचा तिसरा माणूस, म्हणजे निकामी शॉकमुळे चाकाची पकड सुटलेल्या गाडीपुढे येणारा वाटसरू, कोणत्याही निवडीच्या हक्कात येत नाही. त्याच्यासाठी पूर्वी बाजारावर देखरेख ठेवणारा मुहतसिब असे. आज सौदी अरेबियात ते काम 1972 साली स्थापन झालेली मानक संस्था, आयात मालाचे प्रमाणपत्र तपासणारे ‘साबेर’ आणि 2008 चा व्यापारी फसवणूकविरोधी कायदा करतात. डिसेंबर 2023 पासून लागू झालेल्या नागरी व्यवहार कायद्याने लपलेल्या खोटीचे नियमही कलमबद्ध केले.

शेवटचा वाद काळाचा आहे. सहा महिन्यांनी शॉकमधून तेल गळू लागते. खोट विकतानाच होती, की दगडधोंड्यांच्या वाटेने आणली? शाफई आणि हनफी न्यायात विक्रेत्याचा शब्द शपथेवर ग्राह्य. हनबलींच्या रूढ मताने गिऱ्हाईकाचा. पण दोन्ही शक्यता खुल्या असतील तेव्हाच शपथेची पाळी येते. सील फाटले असेल तर ते कारखान्यातून सदोष आले असेल किंवा वाळूने झिजले असेल, म्हणून शपथ हवी. नळकांडे कापल्यावर आतला दांडा लेबलावर लिहिल्यापेक्षा बारीक निघाला, किंवा गॅसचा म्हणून विकलेल्या शॉकमध्ये गॅस भरण्याची सोयच नसेल, तर ते वापराने होणे शक्य नाही. तिथे गिऱ्हाईकाचे म्हणणे शपथेविना मान्य होते.