कुणाच्या वाट्याचं वर्ष?

परदेशात कराराने नोकरी करत असाल, तर एक वाक्य तुम्ही ऐकलं असेल, नाहीतर केव्हातरी ऐकाल. करार संपायला चार-पाच महिने उरलेले असतात. वरिष्ठ खोलीत बोलावतात, बसायला सांगतात, इकडचं तिकडचं विचारतात आणि मग म्हणतात, "अजून एक वर्ष थांबाल का?"

मला ते मार्चमध्ये ऐकायला मिळालं. मस्कतच्या एका महाविद्यालयात मी पोस्टडॉक संशोधक आहे. करारात संशोधनाच्या जोडीला पायाभूत वर्षाच्या मुलामुलींना गणित शिकवणंही आहे. दोन वर्षांची मुदत जुलैअखेर संपणार होती. डीनसाहेबांनी कहवा दिला, खजुराची ताटली पुढे सरकवली आणि विचारलं. दोन शिक्षक आधीच जाणार होते. "तुमचे वर्ग दुसऱ्या कुणाला सोपवणं अवघड आहे," असंही म्हणाले. मी "विचार करून सांगते" म्हटलं खरं, पण मनातून तेव्हाच हो म्हणून मोकळी झाले होते.

मी राहते अझैबात. एका बाजूला सुलतान काबूस रस्ता, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि पश्चिमेला विमानतळ. संध्याकाळी किनाऱ्यावर चालताना उतरणारी विमानं दिसतात. त्या दिवशी चालताना मला फार बरं वाटत होतं. आपण कुणाला तरी हवे आहोत, या भावनेसारखं सुख नाही. पदवी, पीएचडी, अर्जांवर अर्ज, नकारांवर नकार यात वयाची तिशी गाठलेल्या माणसाला तर विचारूच नका. रात्री मिरजेला फोन लावला आणि भावाला सांगितलं.

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, तू ठरव. फक्त मला लवकर सांग."

लवकर का, ते मला माहीत होतं. मी विसरले होते. बाबांना पार्किन्सन्स आहे. आईच्याने एकटीने होत नाही. भाऊ बँकेत आहे आणि आमच्याकडे बढती म्हणजे बहुतेक वेळा बदली. गेल्या वर्षी त्याने बढतीसाठी नाव दिलं नाही, कारण मी म्हटलं होतं, "माझी दोन वर्षं होऊ देत, मग मी येते, मग तू मोकळा." हे बोलणं आमच्या स्वयंपाकघरात झालं होतं, ओट्याशी, आई कणीक मळत असताना. त्यावर कुणाची सही नव्हती.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही आणि तो तुमच्यापुढे ठेवावासा वाटतो. करार पुरा केल्यावर मालकाने विनंती केली, तर ती मान्य करणं हे आपलं कर्तव्य असतं का? आणि कर्तव्य नसेल, तर ते काय असतं?

आपल्या घडणीत 'नाही' म्हणणं उद्धटपणाचं मानलेलं आहे. त्यातून शिक्षक असलात, तर वर्गातल्या मुलांचे चेहरे समोर येतात. पण करार म्हणजे दोन्ही बाजूंनी दिलेला शब्द, आणि त्या शब्दातच त्याची मुदत लिहिलेली असते. वर्षाच्या मध्यात, मुलांना परीक्षेआधी वाऱ्यावर सोडून निघून जाणं हा शब्द मोडणं आहे. मुदत संपल्यावर निघणं म्हणजे शब्द पाळणं. त्यापुढचं वर्ष हे देणं नाही, ते दान आहे. आणि दान चांगलंच असतं, पण दान करण्याआधी वस्तू आपली आहे ना, एवढं पाहावं लागतं.

शिक्षकाच्या शब्दाचा विषय निघाला की मराठी माणसाला पुण्याला जावंच लागतं. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये स्थापन झाली, फर्ग्युसन कॉलेज १८८५ मध्ये. तिच्या सभासदांनी तुटपुंज्या पगारावर शिकवण्याचं व्रत घेतलं. नाव 'आजीव सभासद', पण बांधिलकी वीस वर्षांची. मला यातलं व्रत जितकं मोठं वाटतं, तितकीच ही मुदतही शहाणपणाची वाटते. इतक्या त्यागी माणसांनीही आपल्या त्यागाला शेवटची तारीख घातली होती.

आणि ज्यांचं जमलं नाही ते गेलेही. सभासदांनी बाहेरून कमाई करावी की नाही, अशा प्रश्नांवर खटके उडाले आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. टिळक गणित शिकवत. त्यांच्यानंतर फर्ग्युसनमध्ये गणित बंद पडलं असं नाही. गोखल्यांच्या बोलावण्यावरून १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे त्या विषयाला आले आणि १९१४ पर्यंत शिकवत राहिले. "तुमच्यावाचून अडेल" असं कुणी म्हटलं की मला हे आठवतं. टिळकांची जागा जर भरून निघाली, तर माझ्या पायाभूत गणिताचं काय घेऊन बसलात!

याच कॉलेजातलं दुसरं उदाहरण मात्र उलट बाजूने बोलतं, निदान वरवर पाहता. र. पुं. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर ठरले. कितीतरी वाटा खुल्या असताना ते फर्ग्युसनला शिकवायला परतले आणि १९०२ मध्ये प्राचार्य झाले. त्यांचं कौतुक आपण त्यागासाठी करतो. मला त्यात क्रम दिसतो. आधी दिलेला शब्द आधी, नंतर आलेली संधी नंतर, मग ती संधी कितीही मोठी आणि आग्रहाची असो.

माझी चूक इथेच होत होती. डीनसाहेबांची विनंती कहव्यासोबत आली, पुढे ती कागदावर आली असती. ओट्याशी दिलेला शब्द त्याच्याआधीचा होता, पण त्याला कागद नव्हता. परदेशात राहून आपल्याला हळूहळू कागदावरचं तेवढंच खरं वाटू लागतं. व्हिसा, रेसिडेंट कार्ड, करारपत्र, सगळ्याला तारखा असतात. घरच्यांनी आपल्या येण्यावर बांधलेल्या बेतांची नोंद कुठेच नसते. म्हणून तेच पुढे ढकलले जातात. मी उदारपणे एक वर्ष देऊन टाकणार होते, पण ते वर्ष भावाचं होतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच.

तुम्ही म्हणाल, आणि पैशाचं काय? तेही लपवत नाही. एका रियालचे दोनशेच्या वर रुपये होतात. नव्या, म्हणजे २०२३ च्या, कामगार कायद्यानुसार दर वर्षामागे एका महिन्याच्या मूळ पगाराएवढी सेवासमाप्तीची रक्कमही मिळते. बाबांच्या औषधांना तो पैसा उपयोगी पडला असता. पैशासाठी थांबण्यात काही गैर नाही. फक्त पैशासाठी थांबून मुलांसाठी थांबलो असं सांगू नये, घरच्यांना नाही आणि स्वतःला तर नाहीच.

मुलांसाठी थांबावं, या युक्तिवादाची या देशानेच मला दुसरी बाजू दाखवली. १९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा ओमानमध्ये औपचारिक शाळा तीनच होत्या आणि विद्यार्थी सुमारे नऊशे, तेही सगळे मुलगे. शिकवायला माणसं बाहेरून आली, इजिप्त, सुदान, जॉर्डन, भारत अशा देशांतून. १९८६ मध्ये सुलतान काबूस विद्यापीठ सुरू झालं आणि आज सरकारी शाळांतले बहुसंख्य शिक्षक ओमानी आहेत. त्या पहिल्या पिढीतले बाहेरचे शिक्षक यशस्वी झाले की नाही, याचा पुरावा हाच की आता त्यांची गरज उरली नाही. आमच्या विभागात एक तरुण ओमानी सहकारी आहे, गणितात एमएस्सी झालेली. दोन वर्षं ती माझ्या वर्गांची ट्युटोरियल्स घेते, आणि चांगली घेते. मी थांबले असते तर ती तिसरं वर्षही ट्युटोरियल्सच घेत राहिली असती. आपल्या थांबण्याने कुणाचं अडतं, हेही मोजायला हवं.

आणखी एक गोष्ट. 'विनंती' हा शब्द मला परवडतो, सगळ्यांना नाही. मी नाही म्हटलं तर माझं फार बिघडत नाही. पण २०२१ च्या सुरुवातीपर्यंत इथे अशी अट होती की जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र नसेल, तर करार संपवून गेलेल्या परदेशी कामगाराला दोन वर्षं नव्या नोकरीसाठी परत येता येत नसे. अशा वेळी मालक "थांबतोस का?" असं गोड आवाजात विचारत असेल, तरी ती विनंती नसते. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला नैतिक प्रश्न लावण्यात अर्थ नाही. ज्यांना नाही म्हणता येतं, त्यांनीच विचार करायचा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी डीनसाहेबांना सांगितलं की मी जुलैअखेर जाणार. वर्षभराच्या टिपणं-प्रश्नपत्रिका नीट लावून सहकारी मुलीच्या हाती देईन, तिला हवं तेव्हा फोनवर असेन, एवढं माझ्याकडून. मला वाटलं होतं ते पुन्हा आग्रह करतील. त्यांनी मान हलवली, "ठीक आहे" म्हणाले आणि वेळापत्रकाचा कागद पुढे ओढला. खरं सांगायचं तर ते मला लागलं. इतके दिवस ज्या अपरिहार्यतेवर मी तरंगत होते, ती पाच मिनिटांत संपली.

पण गोष्ट इतकी स्वच्छ नाही. माझ्या दोन तुकड्यांपैकी एक त्या सहकारी मुलीला मिळाली आणि दुसरी मोडून इतर वर्गांत वाटली गेली. तिसाच्या जागी चाळीस मुलं एका वर्गात बसतील. त्यात मागच्या बाकावर बसून काहीच न विचारणारी मुलं असणार, आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जाईल हे मी सांगू शकत नाही. योग्य निर्णय घेतला म्हणून त्याची किंमत नाहीशी होत नाही. ती दुसरीकडे कुणीतरी भरतं. मला एवढंच म्हणता येतं की त्या मुलांना मी शब्द दिला नव्हता, आणि ज्याला दिला होता त्याने तो दोन वर्षं निमूट सांभाळला.

उद्या तुम्हाला कुणी असं विचारलं तर लगेच नाही म्हणा, असं मी सांगत नाही. कदाचित तुमच्याकडे कुणी वाट पाहत नसेल, आणि तिथल्या वर्गाला खरोखर तुम्ही हवे असाल. मग आनंदाने थांबा. पण हो म्हणण्याआधी एक फोन करा, आणि "मी थांबतेय" असं न सांगता "मी थांबू का?" असं विचारा. समोरचा आधी "तू ठरव" असंच म्हणेल. फोन लगेच ठेवू नका. तो पुढे काय म्हणतो ते ऐका.

काल भावाचा निरोप आला. या वेळी त्याने बढतीसाठी नाव दिलं आहे.