भाड्याची बंदूक
सॉफ्टवेअरमध्ये काम व्हेंडरला देता येतं, पण सिस्टिम बंद पडली की ग्राहक जाब आपल्यालाच विचारतो. युद्धात उलटं दिसतं. १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या खासगी अमेरिकी कंपनीच्या रक्षकांच्या गोळीबारात १७ इराकी नागरिक मेले. अशा कंत्राटदारांना इराकी कायदा लागूच नव्हता. अमेरिकेत २०१४मध्ये चौघे दोषी ठरले. २०२०मध्ये ट्रम्प यांनी त्यांना माफ केलं.

पैशासाठी लढणं हा मला मुख्य दोष वाटत नाही. पगार सैनिकालाही मिळतोच. पण झेंड्यात गुंडाळलेली शवपेटी गावी आली की लोक सरकारला प्रश्न विचारतात. कंत्राटी माणूस मेला तर बहुतेकदा करार तेवढा संपतो. मग आपल्या नावाने चाललेलं युद्ध आपल्याला कळणार कसं, आणि ते थांबवा म्हणणार कोण?