खारा वारा आणि विषयानंद

मुंबईत चैत्र-वैशाखातले सुख बहुतांशी फुकटचे असते आणि ते पश्चिमेकडून येते. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत शिरते. दुपारच्या आसपास सुरू झालेला हा खारा वारा मावळतीपर्यंत टिकतो. एरवी पारा तेहतीस-चौतिसाच्या फारसा वर जात नाही, तो त्याच्यामुळेच. संध्याकाळी दादर, गिरगाव, जुहूच्या वाळूत, वरळीच्या आणि मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर माणसे जमतात ती या वाऱ्यासाठी. कुणी चालते, कुणी नुसते बसून राहते. हे सुख कुणाला लुबाडून मिळत नाही, त्यापायी कर्ज होत नाही आणि ते उद्यासाठी साठवूनही ठेवता येत नाही. इंद्रियसुखाबद्दल सावध राहायला सांगणाऱ्या भारतीय धर्मपरंपरा अशा सुखाला कुठे बसवतात? ते टाकावे, चालवून घ्यावे, की त्यातून काही शिकावे?

आधी हे सुख असते कसे ते पाहायला हवे. ताडगोळा घ्यावा. विक्रेता कोयत्याने ताडफळ फोडून आतले गर मोकळे करतो. त्यांच्यावरची पिवळसर साल नखाने सोलावी लागते. थोडी जरी राहिली तरी जीभ तुरट होते. कोवळ्या गोळ्याच्या पोटात घोटभर पाणी असते, ते सांडू न देता गोळा अख्खा तोंडात टाकायचा. चव म्हणावी तर बेताचीच. झाडावर थोडा अधिक राहिला की तोच गर घट्ट आणि चिवट होतो. म्हणजे सुख पदार्थात आहे त्याहून अधिक ते ऊन, तहान आणि वेळ यांच्या जुळण्यात आहे. भर थंडीत हाच ताडगोळा कुणी पुढे केला तर त्याचे एवढे कौतुक होणार नाही. वाऱ्याचेही तेच. दुपारभर उकडले नसते तर कट्ट्यावर येण्याचे कारणच उरले नसते.

इंद्रियसुखाच्या विरोधकांचा पहिला मुद्दा नेमका हाच आहे. गीतेच्या पाचव्या अध्यायात स्पर्शातून उपजणारे भोग दुःखालाच जन्म देणारे म्हटले आहेत, कारण त्यांना सुरुवात आहे आणि शेवट आहे. पतंजलींनी याची फोड केली. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात विवेकी माणसाला सगळेच दुःखरूप का वाटते याची कारणे दिली आहेत. भोगाचा परिणाम बरा नसतो, भोग चालू असतानाही तो निसटण्याचा ताप असतो आणि सरल्यावर त्याचा संस्कार मागे राहून पुन्हा तेच मागू लागतो. हापूसचा हंगाम उतरणीला लागल्यावर शेवटची पेटी घेणाऱ्या घरात ही कारणे सहज सापडतील. आंबा अजून ताटात असतो आणि बोलणे मात्र तो संपत आल्याचे चाललेले असते.

चार्वाकाचे उत्तर ठरलेले आहे. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त ते मासळीच्या दृष्टान्ताने येते. काटे आणि खवले आहेत म्हणून मासा कुणी टाकत नाही. काटे काढून घ्यायचे तेवढे घेतो आणि बाकीचे टाकून देतो. समुद्रकाठी राहणाऱ्याला हा युक्तिवाद लगेच पटावा. पण तो चुकीच्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. माशाला काटे असतात हे पतंजलींना ठाऊक होते. त्यांचा आक्षेप काट्याला नाही, खाणाऱ्याला लागणाऱ्या चटकेला आहे. दुसऱ्या टोकाला न्यायदर्शन आहे. त्याच्या मुख्य प्रवाहानुसार मोक्ष म्हणजे दुःखाचा कायमचा अंत. तेथे आनंदही नसतो. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने ‘नैषधीयचरिता’त चार्वाकाच्या तोंडून याची चेष्टा केली आहे. दगड होण्याला मुक्ती म्हणणारा हा गोतम, असे तो न्यायदर्शनाच्या या ऋषीच्या नावावरच (गो-तम, म्हणजे अव्वल बैल) कोटी करून म्हणतो. कोटी बोचरी आहे आणि पूर्णपणे अन्यायाची नाही.

या दोन टोकांमधली वाट बौद्ध वाङ्मयात सावलीतल्या एका प्रसंगातून निघते. मज्झिमनिकायातल्या महासच्चक सुत्तात बुद्ध आपल्या कठोर तपाची हकिकत सांगतात. उपासाने देह हाडांवर आला, तरी ज्ञान मिळाले नाही. तेव्हा त्यांना लहानपणीची एक गोष्ट आठवली. वडील कामात असताना ते जांभळाच्या गार सावलीत बसले होते आणि मन आपोआप स्थिर, प्रसन्न झाले होते. जे सुख वासनेतून आलेले नाही, ज्यात अकुशल असे काही नाही, त्याला आपण का भितो, असे त्यांनी स्वतःला विचारले. त्यानंतर त्यांनी अन्न घेतले. सावलीतले सुख येथे मार्गाच्या आड येत नाही. मार्ग कुठे आहे हे तेच दाखवते. सुखाला घाबरणे हीसुद्धा एक चूक असू शकते, हे संन्यासाच्या इतिहासात इतक्या सरळपणे क्वचितच सांगितले गेले आहे.

चालण्यालाही या परंपरेत साधनेचे स्थान आहे. अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे, म्हणजे भिक्षूच्या येरझाऱ्यांचे, पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, प्रयत्नाची सवय होते, आजार कमी होतात, अन्न पचते आणि चालता चालता साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. पाचांतले निदान दोन लाभ आज सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारणारा कोणीही सांगेल. मुंबईच्याच हद्दीत, बोरिवलीच्या जंगलात, कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. तिथल्या भिक्षूंनी निवासांबरोबर कातळात बसायचे बाक कोरले आणि पावसाचे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरावे म्हणून पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, खोदल्या. विरक्तांच्या वसाहतीतही बसण्याची आणि पाण्याची सोय आधी पाहिली गेली, हे नोंदवण्यासारखे आहे.

वेदान्ताचे उत्तर अधिक धाडसी आहे. तैत्तिरीय उपनिषदात आनंदाचे मोजमाप येते. तरुण, सज्जन, सुशिक्षित, धडधाकट आणि धनधान्याने भरलेल्या साऱ्या पृथ्वीचा धनी अशा माणसाचा आनंद हे एक माप. तेथून शंभर-शंभर पटींनी गंधर्व, पितर, देव असे चढत ब्रह्मानंदापर्यंत जायचे. मानवी आनंदाच्या पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच पुस्ती जोडली आहे: कामनेने न ग्रासलेल्या श्रोत्रियालाही, म्हणजे वेद जाणणाऱ्यालाही, हा आनंद मिळतो. म्हणजे पृथ्वीभर संपत्तीची गरज शिडीच्या पहिल्याच पायरीपुरती आहे.

चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांनी ‘पंचदशी’च्या शेवटच्या पाच प्रकरणांत हा धागा पुढे नेला. त्यांतले शेवटचे प्रकरण विषयानंदाचे. (परंपरा विद्यारण्यांना आणि ‘सर्वदर्शनसंग्रह’कार माधवाचार्यांना एकच मानते, अभ्यासकांत त्याबद्दल मतभेद आहेत, एकच असतील तर चार्वाकाचा मासा आणि वेदान्ताचे उत्तर एकाच लेखणीतून उतरले.) त्यांचे म्हणणे असे की हवी ती वस्तू मिळाली की मागणी क्षणभर थांबते, मन शांत होते आणि त्या शांत मनात आत्म्याच्या आनंदाचे प्रतिबिंब पडते. माणूस श्रेय देतो वस्तूला. वृत्ती शांत, घोर आणि मूढ अशा तीन प्रकारच्या. आनंद उमटतो तो शांत वृत्तीतच. विशिष्ट सुख वा दुःख नसताना माणूस नुसता उदासीन बसलेला असतो, त्या अवस्थेचाही त्यांनी विचार केला आहे. तिथे दिलेला दाखला उन्हाळ्यातल्या कुठल्याही घरात पडताळता येतो. पाण्याने भरलेल्या मडक्याला बाहेरून हात लावला तर गार लागते. तो गारवा म्हणजे पाणी नव्हे, पण आत पाणी आहे हे त्यावरून कळते.

कट्ट्यावर समुद्राकडे तोंड करून काही न बोलता बसलेल्या माणसांना हा विचार चांगला लागू पडतो. त्यांना तेथे काही मिळवायचे नसते. मागणी थांबण्यासाठी एक निमित्त हवे असते आणि वारा ते पुरवतो. मात्र यातून विषयसुखाला सरसकट मुभा मिळत नाही. काळाखट्टा घातलेला बर्फाचा पहिला गोळा तहान थांबवतो. तिसऱ्याच्या वेळी मागणी जिभेची असते आणि जीभ तर जांभळी होऊन बधिरलेली. मावळता सूर्य पाहायला येऊन तो फोनमध्ये नीट आला की नाही या विवंचनेत पडलेल्या मनाला विद्यारण्य शांत वृत्तीत बसवणार नाहीत.

याची खरी कसोटी वारा न आल्यावर लागते. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस पूर्वेकडचे कोरडे, तापलेले वारे जोर धरतात आणि समुद्रावरची हवा उशिरा आत येते. 28 मार्च 1956 रोजी सांताक्रूझला 41.7 अंश तापमान नोंदले गेले. अशा दिवशी सुख गेल्याचे दुःख होते की चिडचिड, यावरून कळते की आधी सुख होते की हक्क. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात राग-द्वेष सोडून विषयांतून वावरणाऱ्याला प्रसन्नता मिळते असे म्हटले आहे. तेथे विषय टाकायला सांगितलेले नाही, वावरण्याची रीत सांगितली आहे.

लोकधर्माने हा वाद फारसा घातलाच नाही. त्याने उन्हाळ्याचे सुख देवालाच देऊ केले. चैत्रगौर महिनाभर झोपाळ्यात बसते आणि तिच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ नि पन्हे असते. पंढरपुरात विठ्ठलाला उन्हाळ्यात चंदनाची उटी लावतात. अक्षय तृतीयेला पितरांसाठी उदककुंभ दान करतात. मुंबईच्या फोर्ट भागात भिखा बेहराम या पारशी गृहस्थाने 1725 साली खणलेली विहीर समुद्र जवळ असूनही गोड्या पाण्याची आहे आणि पारशी समाज तिला पवित्र मानतो. पाणपोई घालणे हे तर सर्वांनाच ठाऊक असलेले पुण्य. ज्या गारव्याने स्वतःला बरे वाटते तो दुसऱ्याला देणे, असा सरळ हिशेब यात आहे. पंचदशीत एकट्या मनाचे विश्लेषण आहे. हा हिशेब तिच्यात सापडत नाही.

वाऱ्यापाशी मात्र दानधर्मही अडतो. पाणी मडक्यात भरून देता येते. पत्र्याच्या छपराखाली दुपार काढणाऱ्याला किंवा गोळ्याची गाडी उन्हात उभी करणाऱ्याला वारा कसा द्यायचा? त्यासाठी किनारा मोकळा आणि सर्वांचा राहावा लागतो. 1991 साली केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या पट्ट्यातल्या बांधकामावर निर्बंध घातले. त्या अधिसूचनेची जागा 2011 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये नव्या अधिसूचनांनी घेतली आणि या पट्ट्यात किती सूट द्यायची यावरचा वाद अजून चालू आहे.