लक्कम्मेचे माप आणि शेतातील पाणी



गेल्या श्रावणात प्रवचन आटोपल्यावर शिरोळकडील एका ऊसकरी शरणाने मला प्रश्न केला. "अण्णा, विहीर माझी, मोटार माझी, विजेचे बिलही मीच भरतो. मग उसाला कितीही पाणी पाजले तर त्यात दोष कसला?" प्रश्न साधा नव्हता. त्याच्या शेताच्या उताराला असलेली शेजाऱ्याची जमीन पांढरी पडली होती.

काळ्या भारी जमिनीत गरजेपेक्षा जास्त पाणी दिले की ते नाहीसे होत नाही. ते खाली साचते, उताराकडे सरकते आणि भूजलाची पातळी वर आणते. पातळी मुळांपर्यंत आली की उन्हाने पाणी वाफ होऊन जाते व त्यातील क्षार मागे राहतात. सोडियम वाढले की माती चोपण होते. मग पाणी मुरत नाही, बी उगवत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठी ज्या पाण्याने घरे उभी केली, त्याच पाण्याने हजारो एकर जमीन अशी पडीक पाडली.

आता दोषाचा विचार करू. विहीर खणण्याचे श्रम त्याचे, ते त्याचे कायक. पण पाणी कोणाच्या कायकाने निर्माण झाले? ते पडले आकाशातून आणि मुरले सर्वांच्या शिवारातून. बांध पाण्याला ठाऊक नसतो. म्हणून 'माझे पाणी' हे बोलणे मला अर्धेच खरे वाटते. जोवर हे कळत नव्हते तोवर ती चूक होती. कळल्यावरही पाट रात्रभर मोकळा सोडला, तर त्याला चूक म्हणता येत नाही.

आयदक्की मारय्यांची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. सांडलेले तांदूळ वेचून दासोह करणारे मारय्या एके दिवशी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले. लक्कम्मेने ते परत टाकून येण्यास सांगितले. तांदूळ चोरीचे नव्हते, तरी गरजेपलीकडचे होते. तिच्याजवळ माप होते.

परंतु तांदूळ परत टाकता येतात, उपसलेले पाणी कसे परत करणार? येथे मला माळव्यातील देवास आठवते. तेथे उलटेच संकट होते. कूपनलिका खोल खोल गेल्या, आणि 1990 मध्ये देवास शहराला आगगाडीने पाणी आणावे लागले. पुढे 2006 मध्ये जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या प्रेरणेने तेथील शेतकऱ्यांनी आपल्याच जमिनीचा दहावा-विसावा हिस्सा तळ्यासाठी सोडला. जिल्ह्यात हजारो शेततळी झाली. त्याच जिल्ह्यातील लोहारद्याकडे पाहा : खाली सोयाबीन, गहू, हरभरा पिकवणारी तीच काळी माती. पिकाची जागा पाण्याला देणे हे दासोहाहून फार दूर नाही. (तळी बांधली तरी उपसा मोजला नाही, तर तेथेही संकट परतेल, हे वेगळे सांगायला नको.)

आपल्याकडे परत करण्याची रीत निराळी आहे. जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून खारे पाणी ओढ्यात सोडायचे. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने हे काम सामुदायिक पद्धतीने केले आहे. एकट्याने ते होतच नाही, कारण एकाच्या शेतातील पाणी बाहेर पडायला दुसऱ्याच्या शेतातून वाट लागते. ते खारे पाणी शेवटी नदीत जाते व खालच्या गावांना पोहोचते, हा प्रश्न उरतोच. म्हणून नळ घालण्याआधी पाणी कमी करणे, ठिबक घेणे, ताग-धैंचा गाडणे हे मला अधिक सरळ वाटते.

एवढे सांगितल्यावर तो शरण बराच वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, "शेजाऱ्याच्या नळाला माझ्या बांधातून वाट दिली, तर माझा किती ऊस मोडेल?"

मी म्हटले, "दोन-तीन सऱ्या."

"तोडणी झाल्यावर देतो," तो म्हणाला, आणि चपला घालून बाहेर पडला.